कंबाम्मा दोन डबे पुढे गेली

आमच्या आलंपाडी हॉल्टवर संध्याकाळची गाडी आली की पुरुष उतरायचे आणि बायका उड्या मारायच्या. गाडी पाच डब्यांची. पुढचे तीन डबे प्लॅटफॉर्मला लागायचे आणि मागचे दोन बाहेर, मातीच्या भरावावर. बायकांचा डबा सगळ्यात शेवटी, गार्डाला चिकटून. खाली खडी, ती पण उतरती. आधी पिशव्या फेकायच्या, मग पोरं खाली द्यायची, मग साडी खोचून स्वतः.

सकाळी आवडीच्या मोठ्या स्टेशनाकडे जाताना हा तमाशा नसायचा. शेवटच्या स्टेशनात इंजिन या टोकाचं त्या टोकाला जातं, डबे आहेत तिथेच राहतात. म्हणून सकाळी बायकांचा डबा इंजिनाला लागून, सरळ प्लॅटफॉर्मवर. जाताना राण्या, येताना माकडं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबांची बदली आवडीच्या कारखान्यात झाली, क्वार्टरचा नंबर काही लागेना, म्हणून या फाट्याच्या लाइनीवर भाड्याचं घर घेतलं. मी चारुलता, सोळा वर्षांची. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मास्तरांनी माझ्या तमिळची नक्कल केली, मी डस्टर फेकून मारलं आणि परत गेले नाही. त्याबद्दल घरात एकच माणूस मला कधी बोललं नाही, ते म्हणजे प्रमोदिनी आत्या. बाबांची मोठी बहीण. ती तिरुवल्लिकेणीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आवडीला गाडी बदलायची, सेंट्रलवरून बस, रोजचे चार तास प्रवासात. पण रविवारी तिला करमायचं नाही, इतकी तिला शाळा प्यारी.

ऑगस्टात आत्याचा पाय त्या खडीवर सरकला आणि गुडघ्याची वाटी फुटली. तीन महिन्यांनी ती काठी घेऊन चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, "चाला, जिने चढा, काही हरकत नाही. पण एक उडी मारलीत तर पाय कायमचा जाईल."

आणि घरी यायचं तर उडीशिवाय रस्ता नाही. पुरुषांच्या डब्यात कारखान्याची पाळी सुटलेली असते. एकदा ती त्यात चढली, तर दारापर्यंत पोचायच्या आत गाडी सुटली. तिथून पुढे शेवटचं स्टेशन, आणि ती गाडी तिथेच मुक्काम करते. एकदा मी घरातलं स्टूल घेऊन भरावावर उभी राहिले. आत्यानं पाय ठेवला, स्टूल घसरलं, मी तिच्याखाली आले म्हणून ती वाचली. माझी कोपरं सोलली, आणि स्टूल ओढ्यात.

"चार माणसं झोळी करून उतरवू तुला," बाबा म्हणाले.

"मी काय तांदळाचं पोतं आहे?" आत्या म्हणाली. "रोज संध्याकाळी अख्ख्या गावासमोर झोळी? त्यापेक्षा राजीनामा देते. शुक्रवारी जाऊन मोठ्या बाईंच्या हातात देईन."

बाबांनी पुढचा घास घेतला. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं. मला एवढा राग आला की मी ताट तसंच टाकून स्टेशनवर गेले.

तिथे मी प्लॅटफॉर्म पावलांनी मोजला. मग दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी उभी असताना एक डबा मोजला आणि इंजिन मोजलं. हिशेब आत्यासारखा येत नसला तरी एवढा येतो. प्लॅटफॉर्म इंजिनासकट पाच डब्यांना पुरून उरत होता. गाडीच दोन डबे अलीकडे थांबत होती. पुढे नुसती रिकामी फरशी, कुत्री झोपायला.

हॉल्टवर तिकिटं द्यायला सेतुमाधव मामा होते. तंजावरकडचे मराठी, तीनशे वर्षांपूर्वीचे. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं बखर बोलतेय, आणि चाल सगळी तमिळ. मी विचारलं, गाडी पुढे का नेत नाहीत?

"कां म्हणजे, इंजिन कंबाम्मापाशीं थांबतें गे," ते तपकीर ओढत म्हणाले. "मी आलों तैंपासून तसेंच."

कंबाम्मा म्हणजे खांबाची देवी. प्लॅटफॉर्मच्या टोकापासून दोन डबे अलीकडे, मागच्या कडेला रुळाचा एक तुकडा उभा रोवलेला होता, माझ्या छातीएवढा. त्याला हळद, कुंकू, कडुलिंबाचे डहाळे, लाल फडकं. संध्याकाळी गाडीतून उडी मारलेल्या बायका गाडीच्या कडेनं चालत यायच्या आणि हातपाय शाबूत राहिले म्हणून तिला फूल वाहायच्या. ड्रायव्हर नारायणस्वामी इंजिन बरोब्बर तिच्यासमोर थांबवायचा आणि खाली न उतरता नमस्कार करायचा.

मी जवळ जाऊन बघितलं. वरच्या टोकाला दोन भोकं होती. एका भोकात गंजलेला बोल्ट होता, आणि बोल्टाला पत्र्याचा नखाएवढा तुकडा. हळद खरवडली तर खाली पांढरा रंग. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असाच खांब प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला, सकाळच्या गाडीसाठी आहे. त्याच्यावर पाटी आहे, इंजिनानं इथे थांबावं अशी. हिची पाटी उडाली होती, एवढंच.

म्हणजे ज्या खांबापायी बायकांना उडी मारावी लागत होती, त्याच खांबाला त्या उडी नीट पडली म्हणून फुलं वाहत होत्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तेवढ्यात अलमेलू अक्का आली. अक्का फुलं विकायची, रोज आवडीला टोपली घेऊन जायची, आणि कंबाम्माची पूजा तिच्याकडे. माझ्या नखांत हळद बघून तिनं विचारलं, "काय करतेस?"

"ही काही देवी नाही," मी म्हणाले. "रेल्वेचं लोखंड आहे."

अक्का ओरडली नाही. टोपली खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शाळेनं हाकललं ते उगीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दूध आलं नाही. दूधवाली अक्काची जाऊ. कोथिंबीरवालीनं दार चुकवलं. नळावर माझी कळशी आली की पुढची बाई आपली कळशी आडवी करायची. तिसऱ्या दिवशी आत्यानं कोरा चहा माझ्यासमोर ठेवला.

"तू मोजलंस ते बरोबर," ती म्हणाली. "पण तू त्यांना काय सांगितलंस? की इतकी वर्षं तुम्ही मूर्ख होतात. असं सांगून जगात कुणी ऐकलंय? मास्तरांनी तुला सांगितलं तेव्हा तू ऐकलंस?"

मी चहा प्यायले आणि अक्काकडे गेले. "चुकलं माझं," म्हणाले. ते दोन शब्द घशातून निघताना माशाचा काटा निघाल्यासारखं झालं.

"कुणी पाठवलं? टीचरम्मानं?"

"हो."

"खरं बोललीस," अक्का म्हणाली. "उद्या दूध येईल."

पण खांब हलवायचं नाव काढलं तर तिनं दोन्ही कान धरले. "मी कोण हलवणार? आणि जागा रेल्वेची. रेल्वेवाल्यांना विचार."

रेल्वेवाले बुधवारी आले. रुळांचे इन्स्पेक्टर राघोत्तम राव दर बुधवारी ट्रॉलीवर बसून लाइन तपासायला यायचे. दोन माणसं रुळावरून धावत ट्रॉली ढकलायची आणि हे वर छत्री धरून बसायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. मोजमाप, डबे, आत्याचा गुडघा. त्यांनी ऐकून घेतलं. मग कंबाम्माकडे बघितलं आणि छत्रीआडून नमस्कार केला.

"बाळ, मला तीन वर्षांनी पेन्शन आहे," ते म्हणाले. "देवाला हात लावला तर गाव माझी ट्रॉली जाळेल. वर लिहिलं तर दहा वर्षं चौकशी चालेल. गावकऱ्यांना सांग."

"गावकरी म्हणतात जागा रेल्वेची."

"आहेच रेल्वेची," ते म्हणाले, आणि ट्रॉली गेली.

मी तिथून तरातरा निघाले ती प्लॅटफॉर्मच्या पार शेवटच्या टोकाला, जिथे कुणी जात नाही. बसले आणि रागानं हातातली काडी जमिनीत खुपसत राहिले. आदल्या रात्री पाऊस झाला होता, एका खळग्यात पाणी साचलेलं. काडी त्यात खुपसली तर आत जातच राहिली. हातभर गेली. मी हात घातला. चिखल, पानं, एक बेडूक. आणि चिखलाच्या भोवती सिमेंट. बोटं फिरवली तर भोक गोल नव्हतं, चौकोनी पण नव्हतं. खाली रुंद, मध्ये बारीक, वर जाड. रूळ आडवा कापला तर दिसतो तसं.

मी उठले ती पळत अक्काच्या घरी. ती माळा ओवत होती.

"अक्का, कंबाम्मा इथे कशी आली?"

"आता परत काय?"

"भांडायला नाही आले. सांगा ना."

"आपली आपण आली," अक्का म्हणाली. "वादळाच्या साली, सात वर्षं झाली. लाइन वाहून गेली, पंधरा दिवस गाडी नव्हती. मग बाहेरगावची माणसं आली, रूळ नीट केले, गेली. पहिली गाडी आली त्या दिवशी मी उडी मारली, पोटात सहा महिन्यांचा हा माझा पोरगा, सुंदर. पडले, पण काही झालं नाही. चालत आले तर ही समोर उभी. त्याच्या आधी इथे नव्हती."

"त्याच्या आधी उडी मारायला लागायची?"

अक्काची सुई थांबली.

"नाही," ती म्हणाली. "आधी प्लॅटफॉर्मवर उतरायचो."

मी तिचा हात धरून तिला त्या टोकाला नेलं. तिचा हात भोकात घातला. तिनं पण बोटं फिरवली, माझ्यासारखीच, डोळे मिटून.

"हे तिचं घर आहे, अक्का," मी म्हणाले. "वादळात ती उपटून वाहत गेली. त्या परक्या माणसांना काय माहीत ती कुठली. सापडली तिथे उभी केली. सात वर्षं ती दुसऱ्याच्या दारात उभी आहे."

अक्कानं पदरानं हात पुसला. डोळे पण पुसले. "आणि आम्ही तिला विचारलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

दुपारी ट्रॉली परत यायची होती. मी रुळांमध्येच उभी राहिले. ढकलणारी माणसं तमिळमध्ये काय काय म्हणाली ते मला सगळं कळलं, माझं तमिळ तेवढं चांगलं आहे.

"आता काय?" राघोत्तम राव म्हणाले.

"तुमच्याकडे लाइनीचा नकाशा असतो. त्यात हा खांब कुठे दाखवलाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतून कापडी बांधणीचं जुनं पुस्तक काढलं. पान उलटायला थुंकी लावली. चष्मा वर केला. मग स्वतः ट्रॉलीवरून उतरले, त्या टोकापर्यंत चालत गेले आणि भोकाशी वाकून उभे राहिले.

"नकाशात इथे आहे," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मी काही हलवणार नाही आणि कुणाला हलवायला सांगणार पण नाही. पण पुढच्या बुधवारी मी येईन तेव्हा खांब जर नकाशात आहे तिथे असेल, तर मला लिहायला काही उरणार नाही."

"भोकातला चिखल?"

त्यांनी ट्रॉलीवाल्यांकडे बघितलं. "इथे पाणी साचतं. साफ करा."

गुरुवारी अक्कानं सगळ्या बायकांना बोलावलं. तिचं म्हणणं पटलं सगळ्यांना, पण अम्माला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. इथे विचारायची रीत अशी: पानाच्या दोन पुड्या बांधायच्या, एकीत पांढरं फूल, एकीत लाल. दोन्ही देवीपुढे टाकायच्या आणि लहान मुलानं एक उचलायची. पांढरं आलं तर हो.

"आणि लाल आलं तर?" मी विचारलं.

"तर टीचरम्माला तू पाठीवर घेऊन उतरव," अक्का म्हणाली. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दोन्हीत पांढरं बांधायला कितीसा वेळ लागतो, हे माझ्या मनात आलं होतं. अक्कानं ते ओळखलं असावं. पुड्या तिनं स्वतः बांधल्या आणि मला दहा हात लांब उभं केलं.

सुंदर सात वर्षांचा, नाक वाहणारा. त्यानं एक पुडी उचलली, मग ठेवली. मग दुसरी उचलली. मला वाटलं त्याला एक लगावावी. अक्कानं पान सोडलं.

मोगरा होता.

शुक्रवारी सकाळी आत्या पत्र घेऊन निघाली. मी तिला गाडीत बसवताना म्हणाले, "आज देऊ नकोस."

"का?"

"संध्याकाळी उतरून बघ, मग ठरव."

"सिद्ध झाल्याशिवाय मी उत्तर लिहीत नाही," ती म्हणाली. गाडी सुटली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलंच नाही.

चार वाजता बायका जमल्या. हळदीचं पाणी, कडुलिंब, ताशाएवढं मोठं एक वाजंत्र. पहारीनं पाया मोकळा केला. खांब आडवा झाला तेव्हा कळलं लोखंड काय असतं. गावातले बाप्ये पारावरून उठून आले. "बाजूला व्हा, आम्ही उचलतो."

"सात वर्षं उड्या कुणी मारल्या?" अक्का म्हणाली. "बसा तिथेच."

दहा जणींनी उचलला. मी पुढून तिसरी. खांद्यावर रुळाची कड रुतली, हळद मानेवरून पाठीत गेली. दोन डब्यांचं अंतर ते केवढं, पण आम्हाला अर्धा तास लागला, कारण अक्का दर दहा पावलांवर थांबवून आरती करायची. बाप्ये दोन्ही बाजूंनी चालत होते, हात पाठीमागे बांधून. खांब भोकात उतरला तेव्हा जराही हलला नाही. पाचर मारायला दगड आणले होते, ते तसेच राहिले. एका बाईनं नुसतं "अम्मा" म्हटलं.

मग सेतुमाधव मामा धोतर सावरत धावत आले. "ड्रायव्हरास कुणी सांगितलें?"

कुणी सांगितलं नव्हतं.

"मज वाटलें इन्स्पेक्टर सांगेल. अंधार पडतो आहे. खांब दिसला नाहीं तर तो कुठें थांबवील? थांबवील तरी कां?"

लांबून शिट्टी ऐकू आली. मी म्हणाले, "कापूर लावा. सगळा." अक्कानं खांबापुढे ताटात कापराचा ढीग पेटवला. बायका एकमेकींना चिकटून ज्वाळेमागे उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं पिवळीधमक. मामा त्यांचा हिरवा कंदील लपवायचा की दाखवायचा, या विचारात तसेच उभे.

इंजिन जुन्या जागेपाशी आलं. भट्टीच्या उजेडात नारायणस्वामी दिसला. त्याचा उजवा हात नमस्काराला कपाळाकडे गेला होता आणि खाली रिकामं भोक बघून तो हात तिथेच राहिला. गाडी हळूहळू सरकत होती. ना थांबत होती, ना वेग घेत होती. इंजिन ती जागा ओलांडून पुढे आलं. पहिला डबा तिथे लागला. मग त्याला कापूर दिसला. त्यानं मान बाहेर काढली, आम्हा सगळ्यांना बघितलं, आणि हळूच, चिमटीत पकडल्यासारखं, इंजिन कंबाम्मासमोर आणून उभं केलं.

मी उलट्या दिशेनं पळत सुटले. पाचवा डबा. पायरीखाली फरशी होती. वीतभर खाली, बस.

दारात आत्या. मागून बायका सवयीनं साड्या खोचत होत्या, एक जण पिशवी फेकायला हात मागे नेऊन उभी. आत्यानं खाली बघितलं. काठीचं टोक फरशीवर दोनदा आपटून बघितलं. मग चांगला पाय ठेवला, मग दुसरा. उतरली. कुणाच्या हाताला धरलं नाही. मी हात पुढे केला होता तो तसाच राहिला.

"अगं सरका की पुढे," ती मागच्यांना म्हणाली. "उतरता येतंय."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बायका उतरायच्या, परत डब्यात चढायच्या आणि परत उतरायच्या. एका म्हातारीनं तीनदा केलं. गार्डानं शिट्टी वाजवली तर तिनं त्याला थांब म्हणून हात दाखवला, आणि तो थांबला. इंजिनावरून नारायणस्वामी ओरडून विचारत होता, "अम्मा इथे कधी आली? का आली?"

"सात वर्षं परक्या दारात उभी होती," अक्कानं खालून उत्तर दिलं. "आता घरी आली. तू पण नीट बघून थांबत जा."

बाबा तिसऱ्या डब्यातून उतरून आले होते. त्यांच्या मागे तीन माणसं, एकाच्या खांद्यावर झोळीची चादर. बाबांनी आत्याकडे बघितलं, मग माझ्या मानेवरच्या हळदीकडे. चादर त्या माणसाकडून घेतली, तिची घडी घातली आणि काखेत मारली.

"पत्र दिलंस?" मी आत्याला विचारलं.

"मोठ्या बाईंना भेटले. म्हटलं, सोमवारी कळवते." ती प्लॅटफॉर्मवरून चालत होती, गाडीच्या कडेनं, एक एक डबा मागे टाकत, काठी वाजवत, जशी काय शाळेच्या व्हरांड्यातून वर्गावर निघालीय. "सोमवारी पहिल्याच तासाला नववीचा वर्ग आहे. भूमितीचा. मला पाचला उठव."